झडपेचं ऑपरेशन झालं, पण धाकधूक जात नाही? भीती कोणती आणि खरा धोका कोणता, हे असं ओळखा

• छातीतली टिकटिक, मध्येच चुकणारा ठोका, रात्रीची धडधड : यातलं काय साधं, काय गंभीर?
• कोणत्या लक्षणांवर लगेच १०८ ला फोन करायचा?
• रक्त पातळ होण्याची गोळी, आयएनआर तपासणी आणि पालेभाजी यांचं गणित
• घरच्यांनी काय करावं, काय टाळावं?

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं. टाके सुकतात, पाहुणेरावळे भेटून जातात, घरात पुन्हा रोजची कामं सुरू होतात. पण रात्री सगळे झोपले की पेशंटच्या मनात दुसराच त्रास सुरू होतो. छातीत जरा टोचलं की वाटतं, ‘झडप सरकली का?’ नाडी थोडी जलद लागली की वाटतं, ‘आता बंद पडणार.’ ऑपरेशनआधी जेवढी भीती वाटली नव्हती, त्याहून जास्त घरी आल्यावर वाटते, असं अनेक पेशंट सांगतात.

गावाकडच्या माणसाची अडचण यात आणखी मोठी असते. ऑपरेशन मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात झालेलं असतं. डॉक्टर शंभर-दोनशे किलोमीटर लांब. गावात विचारायचं कुणाला? मग हातातला मोबाईल उघडला जातो, आणि तिथे जे दिसतं त्याने झोप आणखी उडते.

या भीतीपायी दोन प्रकारचं नुकसान होतं. काही जण दर आठ दिवसांनी गाडी भाड्याने करून, उसनवारी करून शहर गाठतात आणि ‘सगळं नॉर्मल आहे’ ऐकून परत येतात. उलट काही जण ‘मागच्या वेळीही काही निघालं नव्हतं’ म्हणून खरं धोक्याचं लक्षण अंगावर काढतात. कुणी भीतीने चालणं-फिरणं सोडतो, तर कुणी गोळीच सोडतो. म्हणून भीती आणि धोका यांतला फरक पेशंटला आणि घरच्यांना कळणं, हा उपचाराचाच भाग आहे.

झडप म्हणजे नेमकं काय?

विहिरीवरच्या मोटारीला फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, पण परत खाली येऊ देत नाही. हृदयातली झडप हेच काम करते. रक्त एकाच दिशेने पुढे जावं म्हणून हृदयात अशा चार झडपा असतात. त्यातल्या डाव्या बाजूच्या दोन, म्हणजे मायट्रल आणि एओर्टिक, जास्त करून खराब होतात.

आपल्याकडे तरुण वयात झडप खराब होण्याचं एक मोठं कारण लहानपणीचं असतं. शाळेच्या वयात घसा दुखून ताप येतो, त्यावर पुरेसा उपचार होत नाही आणि काही आठवड्यांनी सांधे सुजून ऱ्हुमॅटिक ताप येतो. हा ताप झडपांवर खुणा सोडून जातो. पुढे कित्येक वर्षांनी दम लागायला लागतो, तेव्हा झडप आखडल्याचं किंवा गळत असल्याचं कळतं.

बदललेली झडप दोन प्रकारची असते. एक जनावराच्या ऊतीपासून बनवलेली. ती साधारण १० ते १५ वर्षं टिकते, तरुण माणसात त्याआधीही झिजू शकते. दुसरी यंत्राची, म्हणजे मेकॅनिकल. ती झिजून संपत नाही, पण तिच्यावर रक्ताची गाठ बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.

यंत्राच्या झडपेला बॅटरी किंवा सेल नसतो. तो पेसमेकर नव्हे. रक्ताच्या दाबानेच ती उघडते आणि मिटते. त्यामुळे ‘सेल संपला तर?’ ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही. मिनिटाला ७० ठोके धरले तर हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं, आणि तेवढ्याच वेळा झडप उघडमिट करते. हे ओझं धरूनच ती बनवलेली असते. माणसाच्या हृदयातली खराब झडप काढून त्या जागी यंत्राची झडप बसवण्याला १९६० मध्ये यश आलं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली भारतीय बनावटीची ‘चित्रा’ झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा पेशंटला बसवली गेली. त्याआधीचे नमुने चाचणीत टिकले नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवून नवा नमुना बनवला गेला. म्हणजे झडप माणसाच्या छातीत जाण्याआधी कडक परीक्षेतून गेलेली असते.

टिकटिक ऐकू येते, ते चांगलं की वाईट?

यंत्राची झडप मिटताना बारीक ‘टिक’ असा आवाज होतो. शांत खोलीत, रात्री, कधी तोंड उघडल्यावर तो जास्त जाणवतो. शेजारी झोपलेल्या माणसालाही ऐकू येऊ शकतो. हा आवाज म्हणजे झडप काम करत असल्याची खूण आहे.

सुरुवातीचे काही आठवडे या आवाजाने झोप लागत नाही. पंखा लावणं, हळू आवाजात रेडिओ किंवा भजन लावणं, कूस बदलणं, जाड पांघरूण घेणं याने फरक पडतो. रस्त्याकडेला घर असलेल्याला जसा ट्रकचा आवाज नंतर जाणवत नाही, तसंच बहुतेकांचं होतं.

एक गोष्ट मात्र उलटी लक्षात ठेवायची. रोज स्पष्ट येणारा आवाज अचानक दबका झाला किंवा बंद झाला, तर ते धोक्याचं लक्षण असू शकतं. आवाज येतो म्हणून घाबरायचं नाही, तो बदलला तर मात्र थांबायचं नाही.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस : भीती वाढते कशी?

पिकाच्या राखणीला बसलेल्या माणसाला रात्री पान हललं तरी रानडुक्कर आल्यासारखं वाटतं. त्याचे कान खोटं बोलत नाहीत, पान खरंच हललेलं असतं. पण अर्थ मात्र भीती लावते. ऑपरेशन झालेल्या माणसाचं मन असंच छातीवर राखण करत बसतं. निरोगी माणसाचाही अधूनमधून एखादा ठोका चुकतो, छातीचा स्नायू आखडतो, गॅस वर चढतो. त्याचं लक्ष जात नाही. पेशंटचं मात्र लगेच जातं.

भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं. त्याने नाडी जलद होते, घाम येतो, तोंड कोरडं पडतं, श्वास उथळ होतो, बोटांना मुंग्या येतात. पेशंटला वाटतं, ‘बघा, हृदयालाच झालंय काहीतरी.’ मग भीती आणखी वाढते आणि नाडीही आणखी जलद होते. हे चक्र स्वतःच स्वतःला फिरवत राहतं. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं म्हणतात, ते इथे अगदी लागू पडतं.

या चक्राला तेल घालणाऱ्या तीन सवयी असतात.

सारखं तपासणं. दिवसातून वीस वेळा नाडी बघणं, ऑक्सिमीटर बोटातून न काढणं, तासातासाला बीपी घेणं. आकडा बरा आला की पाच मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा शंका येते. जितकं जास्त तपासावं तितकी शंका वाढते.

सारखं शोधणं. मोबाईलवर एकदा ‘झडप फेल’ असा व्हिडिओ पाहिला की पुढचे दहा व्हिडिओ तसेच समोर येतात. जगात असं खूप घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात मोबाईल जे बघितलं तेच परत परत दाखवत असतो. ज्यांचं सगळं ठीक आहे, ते व्हिडिओ टाकत नाहीत. ते शेतात कामाला गेलेले असतात.

सगळं टाळणं. चाललो तर धडधडेल म्हणून चालायचं नाही. एकटं राहायचं नाही. बसलं की उठायचं नाही. याने शरीर आणखी अशक्त होतं, मग चार पावलांत दम लागतो आणि वाटतं, ‘बघा, झडपच नीट नाही.’

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत हे होऊ शकतं

छातीचं हाड कापून तारेने शिवलेलं असतं. ते जुळून यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. त्या काळात पुढील त्रास अनेकांना होतो :

• छातीत, खांद्यात, पाठीत दुखणं, विशेषतः खोकताना, शिंकताना, कुशीवर वळताना
• जखमेभोवती बधिरपणा, मुंग्या किंवा खाज
• मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं
• लवकर थकवा येणं, भूक मंदावणं
• झोप मोडणं, विचित्र स्वप्नं पडणं
• विसरायला होणं, कारण नसताना रडू येणं, चिडचिड

शेवटच्या ओळीबद्दल घरात कुणी बोलत नाही. विशेषतः पुरुष माणूस ‘मला रडू येतं’ हे सांगत नाही. पण मोठ्या ऑपरेशननंतर मन हळवं होणं हे अनेकांच्या बाबतीत घडतं. त्याचा अर्थ माणूस खचला असा नाही.

खोकला आला तर उशी किंवा घडी घातलेली चादर छातीशी धरून खोकावं. पाण्याची कळशी, शेणाची पाटी, खताची गोणी, लहान मूल असं वजन डॉक्टर सांगेपर्यंत उचलू नये. दुचाकी आणि ट्रॅक्टरही तोवर बंद.

ही लक्षणं मात्र भीती म्हणून सोडून द्यायची नाहीत

*लगेच १०८ ला फोन करा :*

• तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, एकदम दिसेनासं होणं. थोड्या वेळाने आपोआप बरं झालं तरीही
• अचानक खूप दम लागणं, आडवं झोपता न येणं
• छातीवर दाब आल्यासारखं नवं, जोराचं दुखणं
• चक्कर येऊन शुद्ध हरपणं
• झडपेचा आवाज दबका होणं किंवा बंद होणं
• डोक्याला मार लागणं, बाहेरून जखम दिसत नसली तरी
• रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणं, न थांबणारा रक्तस्राव

*त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा किंवा फोन करा :*

• १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी वाजून ताप, जखमेतून पू
• दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वजन वाढणं, पायावर सूज
• बसून राहिलं तरी न थांबणारी जलद किंवा वेडीवाकडी धडधड
• छातीच्या हाडात ‘कटकट’ होणं, हाड हलल्यासारखं वाटणं
• लघवीत रक्त, हिरड्यांतून सारखं रक्त, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग
• गोळी एकापेक्षा जास्त दिवस चुकणं

तापाबद्दल विशेष काळजी घ्यायची. बदललेल्या झडपेला जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि त्याची सुरुवात साध्या तापासारखी दिसते. त्यामुळे ‘व्हायरल असेल’ म्हणून परस्पर अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊ नयेत. त्याने खरं दुखणं झाकलं जातं. झडप बदललेली आहे, हे डॉक्टरांना आधी सांगायचं, मग ताप.

फरक थोडक्यात असा. भीतीचा झटका बहुतेक वेळा एकदम चढतो, काही मिनिटांत शिगेला जातो आणि मग ओसरतो. कुणाशी बोलत बसलं, कामात मन रमलं की कमी होतो. याउलट जे लक्षण नवं आहे, वाढत चाललंय किंवा विश्रांती घेऊनही थांबत नाही, ते दाखवायलाच हवं. अशी धडधड पहिल्यांदाच होत असेल तर एकदा ईसीजी काढून घ्यावा. एकदा डॉक्टरांनी बघून ‘हे ठीक आहे’ सांगितलं, की पुढच्या वेळी तेच लक्षण ओळखीचं होतं.

धाकधूक आटोक्यात आणण्याचे सात उपाय

१. तपासणीची वेळ ठरवा. नाडी, बीपी, वजन डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढ्याच वेळा आणि ठरलेल्या वेळीच बघायचं. उदाहरणार्थ सकाळी उठल्यावर एकदा. मधल्या वेळात हात मनगटाकडे गेला तर तो दुसऱ्या कामाला लावायचा. पहिले चार-पाच दिवस जड जातात, मग सवय सुटते.

२. एक वही घाला. त्यात तारीख, गोळीची वेळ, आयएनआरचा आकडा आणि त्रास झाला तर तो लिहायचा : किती वाजता, त्या वेळी काय चाललं होतं, किती वेळ टिकला. दोन-तीन आठवड्यांनी वही चाळली की बरंच उलगडतं. त्रास नेमका रात्री साडेदहानंतर होतो, किंवा कुणाच्या मयताची बातमी ऐकली की होतो, असं लक्षात येतं. हीच वही तपासणीला डॉक्टरांना दाखवायची. ‘मला कसंतरी होतं’ यापेक्षा त्यांना वहीतून जास्त कळतं.

३. पंधरा मिनिटं थांबा. वर दिलेलं धोक्याचं एकही लक्षण नाही, पण जीव घाबरा झालाय, अशा वेळी खुर्चीत किंवा ओट्यावर पाय जमिनीला टेकवून बसायचं. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्यायचा, सहा मोजेपर्यंत हळूहळू सोडायचा. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की नाडी शांत व्हायला मदत होते. श्वास कोंडून धरायचा नाही. पंधरा मिनिटांत ओसरलं तर वहीत नोंद. नाही ओसरलं तर डॉक्टरांना फोन.

४. चालायला सुरुवात करा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी अंगणात, मग शेजारच्या घरापर्यंत, मग देवळापर्यंत. पाच-पाच मिनिटं दिवसातून दोनदा आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. चालता चालता बोलता येतंय, एवढाच वेग ठेवायचा. चालताना नाडी वाढणारच. ती वाढते आणि बसल्यावर खाली येते, हे रोज अनुभवलं की वाढलेल्या नाडीची भीती आपोआप कमी होते.

५. मोबाईलला कुंपण घाला. रात्री आठनंतर आजाराविषयी काहीही शोधायचं नाही. शंका आली तर वहीत लिहून सकाळी आशाताईंना, आरोग्यवर्धिनी केंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात विचारायची.

६. रिकामा वेळ भरा. हलकी कामं हातात घ्या : शेंगा सोलणं, भाजी निवडणं, मुलांचा अभ्यास घेणं, दूध डेअरीचा हिशेब. दिवसा लोळून काढलं की रात्री झोप येत नाही आणि रात्रीची जाग भीतीला फावते.

७. मनातलं बोला. घरातल्या एका तरी माणसाला नेमकं काय वाटतं ते सांगा. ‘मला मरायची भीती वाटते’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की त्याचं वजन थोडं तरी कमी होतं.

गोळी, आयएनआर आणि पालेभाजी

यंत्राची झडप असलेल्या पेशंटची सगळ्यात मोठी धास्ती या गोळीभोवती असते. आपल्याकडे वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल, म्हणजे अनेकांच्या ओळखीची ‘ॲसिट्रॉम’, दिली जाते. ‘हे तर उंदराचं औषध’ असा मेसेज फिरतो. त्यात अर्धं सत्य आहे. वॉरफरिन १९४८ च्या सुमारास उंदीर मारण्यासाठीच बाजारात आलं होतं. पण १९५४ पासून ते माणसांसाठी औषध म्हणून वापरलं जातं. फरक मात्रेचा आहे, आणि ती मात्रा बरोबर आहे का, हे बघण्यासाठीच आयएनआर तपासणी असते.

गोळी नसलेल्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. झडपवाल्यांना तो झडपेच्या जागेनुसार बहुधा २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगतात. आपला आकडा कोणता, हे फाईलवर डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. आकडा कमी आला तर गाठ बसण्याचा धोका वाढतो, जास्त आला तर रक्तस्रावाचा. पण एखाद्या वेळी थोडा इकडे-तिकडे झाला म्हणजे संकट आलं असं नाही. डॉक्टर मात्रा बदलतात आणि पुन्हा तपासतात, हेच त्याचं काम आहे. मनाने मात्रा बदलणं किंवा गोळी बंद करणं, हे मात्र खरं संकट ओढवून घेणं आहे.

• गोळी रोज एकाच वेळी. अनेकांना संध्याकाळची वेळ देतात, म्हणजे सकाळी तपासणी करून त्याच दिवशी मात्रा बदलता येते.
• विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन गोळ्या एकदम घेऊ नका, वहीत लिहा.
• मेथी, पालक, शेपू, चाकवत, कोथिंबीर यात व्हिटॅमिन के असतं. ते या गोळीच्या उलट काम करतं. पालेभाजी बंद करायची नाही, प्रमाण एकसारखं ठेवायचं. हिवाळ्यात भाजी स्वस्त म्हणून रोज आणि उन्हाळ्यात महिनाभर नाही, असं केलं की आकडा हलतो. श्रावण-नवरात्राच्या उपवासाआधीही डॉक्टरांना विचारावं.
• अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन मनाने घेऊ नका. काढे, चूर्णं, जडीबुटी घेण्याआधीही विचारा. दारू बंद.
• कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेण्याआधी ‘मला रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे’ हे सांगा. ऱ्हुमॅटिक तापासाठी डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई ठरवून दिली असेल, तर ती मात्र चुकवू नका.
• दात काढण्याआधी किंवा साफ करण्याआधी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगा. आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. मशेरी, तंबाखू सोडा आणि दोन वेळा मऊ ब्रशने दात घासा. तोंडातले जंतू रक्तातून झडपेपर्यंत पोहोचू शकतात.
• ‘तपासणी न लागणारी नवीन गोळी आलीय’ असं कुणी सांगेल. त्या गोळ्या इतर काही आजारांत चालतात, यंत्राच्या झडपेवर चालत नाहीत.

घरच्यांनी काय करावं?

घरचेही घाबरलेले असतात. रात्री उठून पेशंटचा श्वास चालू आहे का, हे बघणारी बायको किंवा आई अनेक घरांत असते. पण दर तासाला ‘बरं वाटतंय ना?’ विचारलं की पेशंटला वाटतं, आपलं काहीतरी खरंच बिनसलंय. त्याऐवजी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी विचारावं.

सगळी कामं काढून घेऊ नयेत. डॉक्टरांनी मुभा दिलेली कामं करू द्यावीत. ‘तुम्ही काही करू नका’ हे प्रेमाने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ‘आता आपला काही उपयोग नाही’ असं ऐकू येतं.

भेटायला येणाऱ्यांपैकी एखादा ‘आमच्या पाहुण्याचंही असंच झालं होतं, दोन वर्षांत गेला’ अशी गोष्ट काढतोच. त्याला तिथेच थांबवून चहा द्यावा. नवस, देवदर्शन ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे करावं, फक्त गोळी आणि तपासणी चुकवू नये.

नेहमी विचारले जाणारे, पण लाजेने राहून जाणारे प्रश्न

खिशात मोबाईल ठेवला तर झडपेला धोका आहे का?
नाही. झडपेत वीज किंवा बॅटरी नसते. एमआरआय करायची वेळ आली तर झडपेचं कार्ड दाखवा. बहुतेक झडपांना एमआरआय चालतो.

नवरा-बायकोचे संबंध कधी ठेवता येतात?
साधारणपणे छातीचं हाड जुळल्यावर आणि भरभर चालणं किंवा दोन जिने चढणं दम न लागता जमू लागल्यावर. फाईल दाखवताना डॉक्टरांना सरळ विचारा, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

बाळ होऊ द्यायचं असेल तर?
तरुण सुनांसाठी हा महत्त्वाचा प्रश्न आहे. रक्त पातळ होण्याच्या या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत, व्यंग येऊ शकतं. आणि गोळी एकदम बंद केली तर आईच्या झडपेवर गाठ बसू शकते. म्हणून दिवस राहण्याआधीच हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांशी बोला. पाळी चुकली तर गोळी मनाने थांबवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शेतात परत कधी जाता येईल?
टू-डी इको चांगला असेल तर अनेक जण काही महिन्यांनी कामाला लागतात. कोयता, विळा, कुऱ्हाड वापरताना जपून. कापलं तर स्वच्छ फडक्याने १० ते १५ मिनिटं न उघडता दाबून धरा. थांबलं नाही तर दवाखाना.

भीती जातच नसेल तर मदत कुठे?

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण जात नाही, घराबाहेर पडवत नाही, कशात मन लागत नाही किंवा ‘जगून काय उपयोग’ असे विचार येतात, तर हा स्वभावाचा दोष नाही. त्यावर समुपदेशन आणि औषधं दोन्ही आहेत.

• टेली मानस : १४४१६ (मोफत, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं)
• जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग
• रुग्णवाहिका : १०८
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल माहिती : १५५३८८. योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर पुढच्या तपासण्यांबद्दल त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेल्यावर रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्याचं पहिल्यांदा सांगावं. मनाच्या काही औषधांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते, त्यामुळे ते त्यानुसार औषध निवडतात.

झडपेचं कार्ड, गोळीचं नाव आणि मात्रा, शेवटचा आयएनआर आणि डॉक्टरांचा फोन नंबर, एवढं एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. धोक्याच्या लक्षणांची वरची यादी घरात भिंतीवर लावा. यादीतलं काही दिसलं तर वेळ घालवायचा नाही. यादीत नसेल तर आधी पंधरा मिनिटं शांत बसायचं, वहीत लिहायचं आणि गोळीची वेळ पाळायची.

*(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. औषध, मात्रा किंवा पथ्य यात कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.)*